गुड इनफ, पण कशासाठी?

परवा आमच्या अंबरनाथच्या कंपनीत मीटिंग होती. पॅकिंगच्या नव्या खोक्याचा नमुना टेबलावर होता. साहेबांनी तो उलटासुलटा केला, बोटाने दाबून पाहिला आणि ‘‘गुड इनफ’’ म्हणून बाजूला सारला. माझ्या तोंडून गेलं, ‘‘कशासाठी?’’

साहेबांना वाटलं, मी वाद घालते आहे. वाद घालायची माझी मुळीच इच्छा नव्हती. तो प्रश्न माझा नव्हताच. तो परुळेकर टीचरांचा होता आणि मी सहावीत असताना त्यांनी तो माझ्या जिभेवर असा बसवला होता की आता तो काढता येत नाही. साहेबांनी खोका पुन्हा उचलून पाहिला. मग म्हणाले, ‘‘गोडाऊनमध्ये ठेवायला ठीक आहे. ट्रकमध्ये टिकणार नाही.’’ खोका बदलायचं ठरलं. मला कोणी शाबासकी दिली नाही, उलट जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. टीचरांचा प्रश्न विचारणाऱ्याचं साधारण असंच होतं.

टीचर माझ्या माहेरच्या बिल्डिंगमध्ये राहायच्या. उल्हासनगर कॅम्प एकमधलं न्यू आशा अपार्टमेंट. खाली दुकानं, वर तीन मजले, लिफ्ट नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर, टीचर आणि काका बरोबर आमच्या डोक्यावर. सकाळी त्यांच्या खुर्च्या सरकल्या की आई म्हणायची, ‘‘उठा, टीचर उठल्या.’’ टीचर अंगाने बारक्या, केस घट्ट बांधलेले, सुती साडी, आणि पर्समध्ये पैशांपेक्षा खडू जास्त. कॅम्पातल्या एका शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या आणि संध्याकाळी घरच्या हॉलमध्ये शिकवणी घ्यायच्या. सतरंजीवर सिंध्यांची पोरं, आगऱ्यांची पोरं, आमच्यासारखी कोकणातून आलेल्यांची पोरं, सगळी मांडीला मांडी लावून. इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, त्यामुळे भांडण नव्हतं.

वही तपासायची टीचरांची पद्धत दुसऱ्या कुठल्याही बाईंची मी पाहिली नाही. निबंध लिहून झाला की वही घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं. टीचर लाल पेन उघडायच्या, पण वही उघडायच्या नाहीत. म्हणायच्या, ‘‘आधी तू सांग.’’ म्हणजे आपल्या कामाला आपणच शेरा द्यायचा, इंग्रजीत, आणि मोठ्याने. शेरे त्यांनी शिकवलेलेच वापरायचे. ‘पासेबल’ म्हणजे आजचा दिवस निघेल. ‘सॅटिसफॅक्टरी’ म्हणजे ज्याने काम सांगितलं त्याला तक्रारीला जागा नाही. ‘गुड इनफ’ म्हणायचं तर लगेच पुढे सांगावं लागे, कशासाठी. आणि सगळ्यात वरचं ‘अप टू द मार्क’. ते म्हणण्याची परवानगी सगळ्यांना होती, पण म्हटलं की टीचर चष्म्यावरून बघत आणि म्हणत, ‘‘मार्क कुठे आहे, दाखव.’’

मार्क कोणाला दाखवता यायचा? खालच्या दुकानवाल्या मोटवानींची मुलगी कविता एकदा छाती काढून ‘‘एक्सलंट, टीचर’’ म्हणाली. टीचर म्हणाल्या, ‘‘कोणापेक्षा?’’ कविताने आजूबाजूला पाहिलं, आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो, आणि तिला रडू फुटलं. मी कायम ‘पासेबल’वर भागवत असे. त्यात धोका कमी होता. पण टीचरांना तेही कळायचं. ‘‘घाबरून कमी सांगणं हेसुद्धा खोटंच,’’ त्या म्हणायच्या आणि मला परत पाठवायच्या.

आमच्यात एक संदीप होता. रिक्षावाल्याचा मुलगा, हुशार आणि अति हट्टी. तो दर वेळी वही पुढे करून म्हणायचा, ‘‘अप टू द मार्क, टीचर.’’ दर वेळी टीचर म्हणायच्या, ‘‘मार्क दाखव.’’ दर वेळी त्याला दाखवता यायचा नाही, आणि दर वेळी तो दात आवळून जागेवर जाऊन बसायचा. दहावीपर्यंत हे चाललं. त्याला तो शेरा एकदाही मिळाला नाही. आम्हाला वाटायचं, टीचरांनी देऊन टाकावा आणि विषय संपवावा. मला तर त्यांचा रागही यायचा. एका पोराला बरं वाटलं असतं तर काय बिघडलं असतं?

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की टीचर म्हणजे फार चिकित्सक, काही पसंतच न पडणारी बाई. तसं नव्हतं, आणि हेच त्यांच्याबद्दल लोकांना कळायचं नाही. वाईट वस्तूचं त्यांना काही वाटत नसे. वाईट वस्तूला चांगलं म्हटलेलं मात्र खपत नसे. एकदा मी त्यांच्याबरोबर ब्लाउज आणायला गेले होते. शिंपी म्हणाला, ‘‘फिटिंग एकदम फर्स्ट क्लास, मॅडम.’’ टीचरांनी ब्लाउज हातातही घेतला नाही. ‘‘पहले आप बताओ. किसके लिए फर्स्ट क्लास?’’ शिंपी हसला, मग हसायचा थांबला. मागे गिऱ्हाईकं उभी होती. शेवटी तो खाली बघत म्हणाला, ‘‘बगल में थोडा टाइट है. हल्दीकुंकू का दो घंटा निकल जाएगा, स्कूल में पूरा दिन नहीं.’’ टीचर खूश झाल्या. तोच ब्लाउज त्यांनी घेतला, दुरुस्त न करता, आणि पुढे कित्येक हळदीकुंकवांना तोच घातला. म्हणायच्या, ‘‘दोन तासांचा आहे. त्यानेच सांगितलंय.’’

माझं लग्नही त्यांच्याच पद्धतीने ठरलं म्हणायला हरकत नाही. मुलाकडचे बघायला आले तेव्हा आईने टीचरांना मुद्दाम बोलावलं होतं. मध्यस्थ पोहे खाता खाता म्हणाले, ‘‘मुलगा सगळ्या बाबतीत अप टू द मार्क आहे.’’ मला पुढचं माहीत होतं. टीचरांनी मध्यस्थांकडे पाहिलंच नाही. मुलाला विचारलं, ‘‘तू सांग. तुझ्याबद्दल तू सांग.’’ त्याची आई ताठ झाली. माझ्या आईने पदर तोंडाला लावला. मुलाने पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, ‘‘मी पासेबल आहे. स्वयंपाक येत नाही. राग येतो, पण आवाज चढत नाही. पगार वेळेवर होतो.’’ तो आजही तेवढाच आहे. एक गोष्ट कमी नाही की जास्त नाही.

या बाईंचा नवरा मात्र सगळ्याला ‘ओक्के’ म्हणणारा. काका अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. भात कच्चा राहिला तरी ओक्के, पंखा खडखडला तरी ओक्के. फारच आवडलं तर ‘झकास’. टीचर म्हणायच्या, ‘‘यांना नापास कोण करणार? हे पेपरच देत नाहीत.’’ काका हसायचे. पोरंबाळं नव्हती, दोघांचंच घर. शिकवणी चालू असताना काका दारात उभे राहून आम्हाला खुणा करायचे, आणि आमच्या चेहऱ्यावरून टीचरांना ते कळायचं.

टीचर रिटायर झाल्या त्या आठवड्यात काकांनी हॉलला पीओपीचं छत करून घेतलं. आमच्या भागात तेव्हा ती लाटच होती. ज्याच्या स्लॅबला ओल धरली, चीर पडली, तो खाली पांढरं शुभ्र छत लावून मोकळा व्हायचा, आणि पाहुण्यांना वाटायचं, यांचं बरं चाललंय. टीचरांच्या हॉलमध्येही पंख्याजवळ ओलीचा तपकिरी डाग होता. काकांनी तो झाकला आणि बरोबर त्या जागी मधोमध एक मोठं फूल काढून घेतलं. पाकळ्या कशा हव्यात ते कारागिराला स्वतः कागदावर काढून दिलं. टीचर शाळेचा निरोप घेऊन आल्या तेव्हा आम्ही सगळे तिथे होतो. काका म्हणाले, ‘‘कसं झालंय?’’

‘‘आधी तुम्ही सांगा.’’

‘‘झकास.’’

‘‘कशासाठी?’’

काका म्हणाले, ‘‘तू वर बघावंस म्हणून. जन्मभर वह्यांत मान घालून बसलीस.’’

टीचरांनी वर पाहिलं. शेरा दिला नाही. नंतरही कधी दिला नाही, पण खुर्चीत बसल्या की त्या वर बघायच्या, हे मी पाहिलं आहे.

पुढे काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एक ‘ओक्के’ तेवढं राहिलं, तेही जड जिभेने, डाव्या हाताचा अंगठा वर करून. खाट हॉलमध्ये, त्या फुलाखाली लावली. मी लग्न होऊन अंबरनाथला गेले होते, पण माहेरी आले की वर डोकवायची. काका फुलाकडे बघत पडलेले असायचे. टीचर भरवायच्या, पुसायच्या, कूस बदलून द्यायच्या, आणि कशी आहे तब्येत विचारलं तर म्हणायच्या, ‘‘पासेबल.’’ म्हणजे आजचा दिवस निघेल.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या घरतवहिनींच्या स्वयंपाकघरात स्लॅबचा तुकडा डाळीच्या पातेल्यात पडला. वहिनी दूध घ्यायला दारात गेल्या होत्या म्हणून वाचल्या. उल्हासनगरात पावसाळा जवळ आला की कुठे ना कुठे स्लॅब पडल्याचं ऐकू येतंच, आणि ऐकणारा प्रत्येक जण आपल्या छताकडे बघतो. आमच्या छतांवर बघायला काही नव्हतं. सगळीकडे पीओपी. त्यातच महापालिकेची नोटीस आली, जुन्या इमारतींची तपासणी करून घ्या. मग बिल्डिंगमध्ये जे सुरू झालं त्याला भीती म्हणायचं की धावपळ, मला सांगता येणार नाही. लोक जिन्यात थांबून हळू आवाजात बोलायचे आणि कोणी आलं की गप्प व्हायचे.

सोसायटीचे चेअरमन मोटवानी अंकल. खाली त्यांचं चादरी-पडद्यांचं दुकान. माणूस वाईट नव्हता. त्यांनीच धावपळ करून इंजिनीयर शोधला, आणि तो निघाला आमचा संदीप. मोटवानी लगेच वर टीचरांकडे गेले. मीही तेव्हा तिथेच होते, आईबरोबर. ते म्हणाले, ‘‘टीचर, लड़का अपना है. आपका स्टूडेंट है. बाहर-बाहर से देख ले, पिलर में थोड़ा काम बता दे, दिवाळीनंतर आपण करून घेऊ. खाली कर दो बोलेगा तो बारा घर रस्त्यावर येतील. आप एक बार बोलो, वो आपकी बात नहीं टालेगा.’’

मला वाटलं, आता टीचर त्यांना ‘कशासाठी’ विचारतील. त्यांनी विचारलं नाही. त्या काकांच्या पांघरुणाची घडी सारखी करत राहिल्या. मला त्या शांततेची भीती वाटली. झटका आल्यापासून काका एकदाही जिना उतरले नव्हते. आजारी माणूस आहे म्हटल्यावर भाड्याने घर द्यायला लोक का-कू करतात, हे टीचरांना पुरतं माहीत होतं. त्यांचं सगळं जग त्या हॉलमध्ये होतं आणि संदीपचा एक शब्द त्यांना तिथे राहू देणार होता. आईने माझा हात धरला होता. आमचंही घर तेच होतं.

मोटवानी गेल्यावर टीचर एवढंच म्हणाल्या, ‘‘कधी येतोय तो?’’

संदीप आला त्या दिवशी मी रजा टाकून माहेरी आले होते. दुपारची वेळ. तो खालून सुरुवात करून वर वर येत होता. खांबांवर हातोडीने ठोकत होता, कान लावत होता. प्रत्येक घरात तोच प्रकार. हा वर बघायचा, घरवाला म्हणायचा, ‘‘पीओपीला हात लावू नका हां, नवीन आहे.’’ हा पुढे जायचा. मोटवानी त्याच्यामागे सरबताचा ट्रे घेऊन फिरत होते. तिसरा मजला बघून उतरताना, सगळ्यात शेवटी तो टीचरांच्या दारात आला, चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला. आता चांगला बाप्या झालेला, पोट सुटलेलं, पण टीचरांसमोर तसाच उभा राहिला, हात बाजूला आणि मान खाली.

‘‘झालं बघून?’’ टीचरांनी विचारलं.

‘‘झालं, टीचर.’’

‘‘मग? आधी तू सांग.’’

संदीपने एकदा मोटवानींकडे, एकदा काकांकडे पाहिलं. ‘‘सॅटिसफॅक्टरी, टीचर. थोडी रिपेअरिंग लागेल.’’

मोटवानींनी मोठा श्वास सोडला. माझ्या आईनेही सोडला, मी ऐकला. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं, झालं, सुटलो. आता पुढचं विचारू नका, टीचर. आज एक दिवस नका विचारू.

टीचर काकांच्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला होता. मग म्हणाल्या, ‘‘कशासाठी?’’

‘‘म्हणजे... बाहेरून, टीचर.’’

‘‘आम्ही बाहेर राहतो का?’’

‘‘आतून कोणी बघूच देत नाही. घरतवहिनींनीही सिमेंट फासून घेतलंय, बाकी सगळीकडे पीओपी आहे. एक तरी तोडून बघायला पाहिजे. पण कोणाचं तोडू?’’

टीचरांनी वर पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच वर पाहिलं. फूल होतं तसंच होतं, पांढरं, पाकळ्यांच्या खाचांत थोडी धूळ. काकाही वरच बघत होते. पण ते तर नेहमीच वर बघत.

मोटवानी म्हणाले, ‘‘टीचर, प्लीज. सोच लो.’’

टीचर उठल्या. ‘‘संदीप, काकांची खाट सरकव. भिंतीकडे घे.’’

तो जागचा हलला नाही. मग टीचरांनीच खाटेचा पाय धरला, तेव्हा तो धावला आणि आम्हीही हात लावला. काकांच्या तोंडावर धूळ पडू नये म्हणून टीचरांनी ओला टॉवेल धरला. संदीप स्टुलावर चढला. त्याने हातोडी उचलली आणि तशीच हवेत धरली. टीचर काकांकडे वळून म्हणाल्या, ‘‘तोडतोय हं.’’ काकांनी डावा अंगठा वर केला. ‘‘ओक्के.’’

फूल एका घावात गेलं. हॉल पांढऱ्या धुळीने भरला. धूळ बसल्यावर संदीपने मोबाइलचा दिवा वर धरला. तपकिरी डाग आता खाटेएवढा झाला होता. त्याने हातोडी नुसती टेकवली तर काँक्रीट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं त्याच्या हातात आलं. आत सळया दिसत होत्या, पापुद्रे सुटलेल्या.

‘‘आता सांग,’’ टीचर म्हणाल्या.

‘‘नॉट फिट, टीचर.’’ तो म्हणाला. ‘‘राहण्यासाठी नाही.’’

‘‘मार्क कुठे आहे?’’

संदीपने वर बोट केलं. ‘‘हा बघा. ही सळई माझ्या बोटाएवढी होती. इथे, कडेला अजून आहे तेवढी. आणि इथे मधे उदबत्तीच्या काडीएवढी राहिलीय.’’ त्याने आपलं बोट सळईशेजारी धरून दाखवलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला मार्क दाखवता आला. मला वाटलं, आता तरी टीचर तो शेरा देतील. संदीपही स्टुलावर उभा राहून, केसांत चुना, वाट बघत होता. टीचरांनी मान हलवली आणि म्हणाल्या, ‘‘उतर खाली. लिही तसं.’’ मग आत गेल्या आणि त्याला हात धुवायला पाणी घेऊन आल्या. त्याच्या हातांवर त्यांनी स्वतः पाणी ओतलं.

मोटवानी दारातच बसले, जमिनीवर. ‘‘आपने ये क्या किया,’’ एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. घरतवहिनी वरून उतरून आल्या. डाळीत तुकडा त्यांच्याच पडला होता, तरी त्या टीचरांना म्हणाल्या, ‘‘टीचर, तुमी आमाला रस्त्याव आनला. पोरांची शाला इथंच हाय. आमी कुठं जावाचा?’’ टीचर झाडू घेऊन चुना गोळा करत राहिल्या. स्वतः कुठे जायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. सामान बांधलं जात होतं आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. टीचरांशी तर कोणीच नाही. ज्यांच्या पोरांना त्यांनी उभं केलं ती माणसं जिन्यात तोंड फिरवून जात. माझी आईसुद्धा वर जायची बंद झाली. मी तिच्याशी भांडले, पण तिचं घर गेलं होतं, मी तिला काय सांगणार? सगळ्यांत आधी मदतीला आला संदीप. टीचरांसाठी बदलापूरला कात्रपमध्ये तळमजल्यावरची भाड्याची जागा त्यानेच शोधली, घरमालकाला काय सांगितलं कोणास ठाऊक. काकांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं. टेम्पोत ठेवताना मी विचारलं, ‘‘काका, बरे आहात ना?’’ त्यांनी मान वर करून टेम्पोचं पत्र्याचं छत पाहिलं. अंगठा वर केला. आवाज आला नाही.

बिल्डिंग तो सगळा पावसाळा रिकामी उभी होती. पडली नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण लोक अजून सांगतात. मोटवानी रोज समोर उभे राहून तिच्याकडे बघायचे. मला एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘खड़ी थी न? पूरी बारिश खड़ी थी.’’ पुढे महापालिकेने ती पाडली. आम्ही आत असतो, वर माणसांचं आणि सामानाचं वजन असतं, तर काय झालं असतं? मी संदीपला विचारलं होतं. तो म्हणाला, ‘‘ताई, ते कोणीच सांगू शकत नाही.’’ टीचरांना हे उत्तर आवडलं असतं. मला आवडलं नाही. मला वाटत होतं, कोणीतरी ठणकावून सांगावं की टीचरांचं बरोबर होतं.

काका त्याच हिवाळ्यात गेले. छातीत कफ झाला होता. नवीन जागेत ओल होती, असं कोणी म्हणालं, तर कोणी म्हणालं, त्यांचं तसंही होणारच होतं. न्यू आशामधून टीचरांना भेटायला मी आणि आई, दोघीच गेलो. आई टीचरांच्या गळ्यात पडून रडली. टीचर तिला थोपटत राहिल्या.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी कात्रपला गेले. ती त्यांची माझी शेवटची भेट. घर लहान, एक खोली आणि स्वयंपाकघर. छत साधं, चुना मारलेलं, मधे नुसता पंखा. खाट तिथेच होती, त्यावर वह्यांचा गठ्ठा. शेजारची दोन-तीन मुलं यायला लागली होती म्हणे. टीचर आणखी बारीक झाल्या होत्या, पण केस तसेच घट्ट बांधलेले. संदीप रविवारी येतो, येताना भाजी आणतो, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, ‘‘दिलात का त्याला शेरा?’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता तो मागत नाही.’’

काहीतरी बोलायचं म्हणून मी इकडेतिकडे बघत म्हटलं, ‘‘घर छान आहे, टीचर.’’

‘‘छान नको म्हणूस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गुड इनफ म्हण.’’

आणि सवयीने, अगदी विचार न करता, माझ्या तोंडून गेलं, ‘‘कशासाठी?’’

विचारलं आणि मला जीभ चावावीशी वाटली. टीचरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांनी नीट विचार केला, आम्ही वही घेऊन उभे असताना आम्हाला करायला लावायच्या तसा.

‘‘एकटीसाठी,’’ त्या म्हणाल्या, आणि गॅसवरचं दूध बघायला आत गेल्या.